वापरलेल्या मोटारसायकलची खरेदी : वाहन, कागदपत्रे आणि दायित्व

ग्रामीण महाराष्ट्राच्या दैनंदिन जीवनात मोटारसायकलने जे स्थान मिळविले आहे, ते एका दिवसात प्राप्त झालेले नाही. राजदूत, येझदी आणि बुलेट ही नावे एकेकाळी गावातील मोजक्या घरांशीच जोडलेली असत. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना रस्त्यावर आली आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबालाही स्वतःच्या वाहनाची आशा वाटू लागली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही चार-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आल्यानंतर कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर कापणाऱ्या वाहनांचे युगच सुरू झाले. आज दूध संकलन केंद्रावर जाणारा शेतकरी, दूरच्या वस्तीशाळेवर रुजू झालेला शिक्षणसेवक, चार गावांचा कार्यभार सांभाळणारा ग्रामसेवक या सर्वांचे काम मोटारसायकलवाचून अडते.

नव्या मोटारसायकलची किंमत मात्र प्रत्येकाच्या आवाक्यातील नसते. शिवाय वाहन चालविण्यास नुकत्याच शिकलेल्या व्यक्तीने नव्या कोऱ्या वाहनावर मोठी रक्कम खर्च करण्यापेक्षा वापरलेले वाहन घेणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते. असे वाहन बहुधा ओळखीच्याच माणसाकडून घेतले जाते. विकणारा कधी कार्यालयातील सहकारी असतो, कधी शेजारी, तर कधी पाहुण्यांचा पाहुणा. किंमत तोंडी ठरते, रोख रक्कम दिली जाते, किल्ली आणि आर.सी. बुक हाती येते आणि ‘नावावर करण्याचे सावकाश पाहू’ असे म्हणून दोन्ही पक्ष निर्धास्त होतात. अनेक कुटुंबांवर पुढे येणाऱ्या संकटाचे मूळ या ‘सावकाश’ शब्दातच असते. म्हणूनच या व्यवहाराचा यांत्रिक, आर्थिक आणि कायदेशीर अशा तिन्ही अंगांनी विचार करणे अगत्याचे आहे.

व्यवहाराचे स्वरूप

वापरलेली वाहने विकणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा करून १ एप्रिल २०२३ पासून स्वतंत्र व्यवस्था लागू करण्यात आली आहे. त्यानुसार व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घेणे, वाहन ताब्यात आल्याची सूचना देणे आणि विक्री होईपर्यंत त्याची जबाबदारी स्वीकारणे अपेक्षित आहे. खाजगी व्यक्तीकडून होणाऱ्या खरेदीत असा मध्यस्थ नसतो. त्यामुळे किंमत कमी पडते, हा लाभ खरा. परंतु तपासणीचा सर्व भार खरेदीदारावर येतो, हेही तितकेच खरे. खाजगी विक्रेता हा व्यापारी नसल्यामुळे ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार अशा व्यवहारात सहसा मिळत नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे सर्वसाधारण तत्त्वही असे आहे की, विक्रेत्याचा स्वतःचा जेवढा हक्क असेल, त्याहून अधिक चांगला हक्क तो खरेदीदाराला देऊ शकत नाही. वाहन चोरीचे असेल, तर पूर्ण किंमत मोजूनही खरेदीदार त्याचा मालक होत नाही.

नवशिक्यास योग्य वाहन

पहिले वाहन निवडताना ते डोळ्यांना कसे दिसते यापेक्षा ते हाताला आणि पायाला कसे पेलते, हे पाहिले पाहिजे. १०० ते १२५ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन आणि सुमारे ११० ते १२० किलोग्रॅम वजन असलेली साधी मोटारसायकल नवशिक्यास सर्वाधिक सोयीची असते. आसनावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. खडबडीत पाणंदीवर किंवा चिखलात वाहन एका बाजूस कलले तर ते सावरण्याची खरी शक्ती तेथूनच मिळते. अशा वाहनांचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारपेठेत सहज मिळतात आणि गावातील मिस्त्रीला त्यांची दुरुस्ती परिचित असते, हाही लहान लाभ नव्हे.

निर्मितीच्या वर्षालाही महत्त्व आहे. दुचाकींसाठी भारत स्टेज चार मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज सहा मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने १ एप्रिल २०१९ ही तारीख अधिक महत्त्वाची होय. त्या दिवसापासून १२५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या सर्व नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी संयुक्त ब्रेक योजना आणि त्याहून मोठ्या दुचाकींना चाक जागीच अडकू न देणारी ब्रेक योजना अनिवार्य झाली. नवशिका चालक संकटाच्या क्षणी केवळ पायाचा ब्रेक दाबतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. त्या क्षणी पुढील ब्रेकही आपोआप लागत असेल, तर थांबण्याचे अंतर कमी होते. किंमतीत थोडा फरक पडत असला, तरी या तारखेनंतरचे वाहन पसंत करणे हिताचे आहे.

गिअरची मोटारसायकल चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत आणि त्या वर्गाचा परवाना हवा. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो व तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. अल्पवयीन मुलासाठी वाहन घेऊन ठेवणाऱ्या पालकांनी २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १९९-अ ध्यानात घ्यावे. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

प्रथम कागद, नंतर वाहन

बहुतेक खरेदीदार आधी वाहन पाहतात, त्यावर मन बसते आणि मग कागदांतील उणिवांकडे दुर्लक्ष होते. हा क्रम उलटविला पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव आणि विक्रेत्याचे ओळखपत्र यांत एकच व्यक्ती असल्याची खात्री प्रथम करावी. ‘गाडी भावाच्या नावावर आहे, पण मीच वापरतो’ असे उत्तर मिळाल्यास त्या भावाची प्रत्यक्ष स्वाक्षरी मिळेपर्यंत व्यवहार पुढे नेऊ नये. नोंदलेला मालक मृत असेल, तर वाहन थेट खरेदी करता येत नाही. वारसाने मृत्यूपासून तीस दिवसांत प्राधिकाऱ्यास कळवून, तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करून ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावे लागते आणि त्यानंतरच ते विकता येते.

दुसरी बाब म्हणजे कर्जाचा बोजा. कर्जावर घेतलेल्या वाहनाच्या प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचे नाव नोंदलेले असते. शेवटचा हप्ता भरला म्हणजे ही नोंद आपोआप पुसली जाते, असा गैरसमज सर्वत्र आढळतो. वस्तुतः वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ नोंदणी प्राधिकाऱ्याकडे दाखल केल्यावरच बोजा उतरतो. प्रमाणपत्रावर बोजा कायम असताना केवळ ‘कर्ज फिटले आहे’ या शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे.

तिसरी बाब नोंदणीच्या मुदतीची. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते व त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. चौदा वर्षे जुनी मोटारसायकल स्वस्त मिळत असेल, तर पुढील वर्षी येणारे नूतनीकरण शुल्क, पर्यावरण कर आणि तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठी लागणारी दुरुस्ती यांची बेरीज त्या स्वस्त किंमतीत मिळवून पाहावी.

वाहनाची नोंद परराज्यातील असेल, तर तेथील प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक आहे. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ वाहन दुसऱ्या राज्यात ठेवावयाचे असल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. सीमेलगतच्या तालुक्यांत स्वस्त दिसणारे परराज्यातील वाहन हा खर्च धरला असता अनेकदा महागच पडते.

नोंदणीची माहिती शासनाच्या परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर किंवा भ्रमणध्वनीवरील उपयोजनेत वाहन क्रमांक टाकून पाहता येते. मालकाचे पूर्ण नाव तेथे दिसत नसले, तरी नोंदणीची तारीख, इंधन, मालकांचा अनुक्रम, कर्जाची नोंद, विमा व प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत कळते. थकीत ई-चलनांची पडताळणीही याच वेळी करावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनास उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविलेली आहे किंवा नाही, हेही पाहावे.

इंजिन क्रमांक व सांगाड्यावरील चेसिस क्रमांक

कागद निर्दोष आढळल्यावर वाहनाकडे वळावे आणि तेथेही पहिले काम क्रमांक जुळविण्याचे करावे. मोटारसायकलचा चेसिस क्रमांक सर्वसाधारणपणे हँडलच्या खालील सांगाड्याच्या नळीवर, तर इंजिन क्रमांक इंजिनाच्या खालच्या भागावर कोरलेला असतो. त्यावरील चिखल व तेल कापडाने पुसून एकेक अक्षर प्रमाणपत्राशी ताडून पाहावे. अक्षरे वेडीवाकडी असणे, तेवढ्याच भागाला घासल्याच्या खुणा असणे किंवा तेथेच नवा रंग दिलेला असणे ही चोरीच्या वाहनाची प्रमुख लक्षणे होत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, वस्तू चोरीची आहे असे मानण्यास कारण असूनही ती अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा गुन्हा आहे. क्रमांकात शंका असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तेथून परतावे.

वाहनाची यांत्रिक पाहणी

पाहणी नेहमी दिवसाच्या उजेडात, शक्यतो सकाळी आणि विक्रेत्याच्या घरी करावी. आपण येण्यापूर्वी वाहन सुरू करू नये, असे विक्रेत्यास आधीच सांगून ठेवावे व पोहोचताच इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. गरम इंजिन आपले बरेच दोष लपविते. थंड इंजिन दोन-तीन किकमध्ये सुरू व्हावे आणि थोड्या वेळाने एका लयीत चालावे.

सायलेन्सरमधून निघणारा धूर हा इंजिनच्या आरोग्याचा साक्षीदार असतो. थंडीच्या सकाळी आरंभी दिसणारी पांढरी वाफ लगेच नाहीशी होते. तिची चिंता नको. निळसर धूर सतत येत असेल, तर इंजिन तेल जाळीत आहे, म्हणजे पिस्टन, रिंग किंवा व्हॉल्व्हचे काम निघणार आहे, असे समजावे. काळा धूर पेट्रोलचे प्रमाण अधिक झाल्याचे किंवा एअर फिल्टर तुंबल्याचे दर्शवितो व तो दोष तुलनेने अल्प खर्चात दूर होतो. इंजिनच्या वरच्या भागातून येणारा सततचा खडखडाट आणि जोडांमधून झिरपणारे तेल यांकडेही लक्ष द्यावे. इंजिन नुकतेच धुऊन चकचकीत केलेले असेल, तर फेरी मारून आल्यावर तेलाची गळती पुन्हा तपासावी.

अपघातग्रस्त वाहन ओळखण्यासाठी मोटारसायकल सरळ उभी करून मागून काही अंतरावरून पाहावे. पुढचे व मागचे चाक एका रेषेत दिसले पाहिजे. हँडल पूर्ण वळविल्यावर ते जेथे अडते, तेथील सांगाड्यावरील टेकू वाकलेला अथवा रंग उडालेला असेल, तर समोरून जोराचा आघात झालेला असण्याची शक्यता असते. मुख्य स्टँडवर उभी करून पुढचे चाक उचलावे आणि हँडल हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवावे. मध्यभागी अडखळल्यासारखे वाटल्यास तेथील बेअरिंग झिजलेले आहे. पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यांवर तेलाचा थर असल्यास सील निकामी झाले आहे. मागचे चाक हाताने डावी-उजवीकडे हलविल्यास ते डुगडुगता कामा नये.

चेन-स्प्रॉकेटची झीज सहज ओळखता येते. मागील चक्रावरील चेन बोटाने मागे ओढल्यावर ती दातांपासून बरीच सुटत असेल किंवा दात आकड्यासारखे वाकलेले असतील, तर पूर्ण संच बदलावा लागेल. टायरच्या बाजूस निर्मितीचा चार अंकी संकेत असतो. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली, तरी रबराला भेगा पडलेल्या असल्यास टायर निरुपयोगी समजावा.

मीटरवर दिसणारे किलोमीटर हे पुराव्यापेक्षा दावा मानणे बरे. रोज ३० किलोमीटर प्रवास आणि वर्षाचे ३०० दिवस वापर धरल्यास वर्षाला ९,००० व पाच वर्षांत ४५,००० किलोमीटर होतात. नोकरीनिमित्त रोज वापरलेल्या पाच वर्षांच्या वाहनाचे मीटर १८,००० दाखवीत असेल, तर फुटरेस्टचे रबर, गिअरचा पाय, ब्रेकचे पायताण आणि हँडलची मूठ यांची झीज त्या आकड्याशी जुळते का, हे पाहावे. सर्व्हिसच्या नोंदी असल्यास त्यांवरील तारखा व किलोमीटर हा उत्तम पुरावा होय.

प्रदेशानुसारही पाहणीचा भर बदलतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत सायलेन्सर, रीम आणि मडगार्डची आतील बाजू गंजते. मराठवाडा व विदर्भातील कोरड्या धुळीत एअर फिल्टरकडे दुर्लक्ष झालेले असल्यास सिलिंडर लवकर झिजतो. सांगली-कोल्हापूर भागात ऑगस्ट २०१९ मध्ये आणि चिपळूण-महाड परिसरात जुलै २०२१ मध्ये आलेल्या महापुरांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. आसन काढून खालच्या भागात वाळलेला गाळ, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर किंवा एअर फिल्टरच्या पेटीत चिखल आढळल्यास वाहन पुरात सापडले होते, असे अनुमान काढता येते. इंधनाबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढले असल्यामुळे जुन्या वाहनांतील पेट्रोलच्या रबरी नळ्या मऊ पडल्या आहेत काय किंवा त्यांना भेगा आहेत काय, हे तपासून गरज भासल्यास त्या बदलाव्यात.

चाचणी फेरी

चाचणी फेरी परवानाधारक व अनुभवी व्यक्तीनेच घ्यावी. नवशिक्याने स्वतः चालविण्याचा आग्रह धरू नये. विश्वासातील मिस्त्रीस सोबत नेऊन त्याचे श्रमाचे मोल द्यावे, ते अखेर स्वस्तच पडते. वाहनाचा विमा चालू असल्याची खात्री फेरीपूर्वीच करावी. वरच्या गिअरमध्ये वेग वाढविताना इंजिनचा आवाज चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, असे आढळल्यास क्लच-प्लेट झिजल्या आहेत. चढावर गिअर आपोआप सुटता कामा नये. सरळ रस्त्यावर वाहन एका बाजूस ओढले जाऊ नये आणि ब्रेक लावताना हँडल थरथरू नये. दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर व हॉर्न यांची तपासणी मात्र जागेवर उभे राहूनही करता येते.

किंमतीचा हिशेब

वापरलेल्या वाहनाची शासनमान्य अशी एकच किंमत नसते. तथापि विमा व्यवसायात वाहनाचे मूल्य ठरविण्यासाठी वापरण्यात येणारी घसारा-पद्धत मार्गदर्शक ठरू शकते. निर्मात्याने जाहीर केलेल्या किंमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरली जाते.

समजा, एका मोटारसायकलची नव्याची जाहीर किंमत ८०,००० रुपये आहे आणि विक्रीस आलेले वाहन साडेतीन वर्षांचे आहे. ४० टक्के घट धरता मूल्य ४८,००० रुपये येते. पाहणीत दोन्ही टायर, चेनचा संच व बॅटरी बदलणे आवश्यक ठरले आणि मिस्त्रीने त्याचा खर्च ७,००० रुपये सांगितला. हस्तांतरण व अन्य कागदपत्रांसाठी २,००० रुपये धरले. तर खरेदीदाराच्या दृष्टीने वाहनाचे मूल्य ३९,००० रुपये होते. बाजारातील मागणीनुसार यात फरक पडेल. पण अशा मांडणीमुळे घासाघीस दुरुस्तीच्या प्रत्यक्ष आकड्यांवर होते आणि ओळखीच्या माणसाशी कटुता येत नाही.

रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी आणि वाहन क्रमांक, चेसिस क्रमांक, रक्कम, दिनांक व ताबा दिल्याची वेळ यांचा उल्लेख असलेली पावती दोन साक्षीदारांसमक्ष करावी. वाहन न पाहता आगाऊ रक्कम पाठवू नये. सैन्यदलात असल्याचे भासवून, बदली झाल्याने वाहन त्वरित विकावयाचे आहे असे सांगून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार सर्वपरिचित आहेत. तसेच पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक टाकण्याची आवश्यकता कधीच नसते, हे विक्रेत्याने लक्षात ठेवावे.

हस्तांतरण : व्यवहाराचा गाभा

मुद्रांक कागदावर लिहून नोटरीपुढे साक्षांकित केलेला करार म्हणजेच मालकीचे हस्तांतरण, अशी समजूत ग्रामीण भागात दृढ आहे. तो करार व्यवहाराचा पुरावा ठरतो. परंतु नोंदणी बदलण्याचे कार्य त्याने होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार वाहन त्याच राज्यात नोंदलेले असल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांच्या आत नमुना २९ मध्ये नोंदणी प्राधिकाऱ्यास सूचना द्यावयाची असते आणि खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत नमुना ३० मध्ये आपल्या निवासक्षेत्रातील प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. त्यासोबत नोंदणी प्रमाणपत्र, वैध विमापत्र, प्रदूषण प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा व विहित शुल्क लागते. या सेवेचे अर्ज परिवहन सेवेच्या संकेतस्थळावरून सादर करता येतात.

कोऱ्या नमुन्यांवर स्वाक्षरी करून ते खरेदीदाराच्या हाती सोपविण्याची प्रथा मात्र सर्वांत घातक आहे. असे वाहन पुढे आणखी दोघा-तिघांच्या हातांतून जाते आणि दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे राहते. या परिस्थितीचा परिणाम काय होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निर्णयात स्पष्ट झाले आहे. त्या प्रकरणातील वाहन २००७ पासून एकामागून एक अनेकांना विकले गेले होते, परंतु नोंदणी बदललेली नव्हती. २००९ मध्ये त्या वाहनाने अपघात झाला. अधिनियमाच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तोच ‘मालक’ होय, असे सांगून न्यायालयाने नुकसानभरपाईचे दायित्व नोंदलेल्या मालकावर ठेवले. अपघातग्रस्ताने खाजगी विक्रीची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, हे त्यामागील सूत्र आहे.

याचा अर्थ असा की, हस्तांतरण ही केवळ खरेदीदाराची गरज नाही. वाहन विकून दोन वर्षे झालेल्या, ते आज कोणाकडे आहे याची कल्पनाही नसलेल्या विक्रेत्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस येऊ शकते. आणि विमा संपलेला असेल, तर भरपाईची रक्कम त्याच्या शेतजमिनीतून अथवा सेवानिवृत्तीच्या पुंजीतून भरण्याची वेळ येऊ शकते. म्हणून नमुना २९ स्वतः दाखल करून त्याची पोच जपून ठेवणे, हे विक्रेत्याचे आद्य कर्तव्य मानले पाहिजे.

विमा आणि शिरस्त्राण

त्रयस्थ पक्षाचा विमा कलम १४६ अन्वये सक्तीचा आहे. विक्रीनंतर कलम १५७ नुसार हा विमा खरेदीदाराकडे हस्तांतरित झाल्याचे मानले जाते, परंतु खरेदीदाराने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावातील बदलासाठी अर्ज केला पाहिजे. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप मिळत नाही. त्यासाठी कंपनीची संमती लागते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत जुन्या मालकाची वैयक्तिक असते, ती वाहनासोबत येत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकींना त्रयस्थ पक्षाचा पाच वर्षांचा विमा घेणे बंधनकारक झाल्यामुळे एकाच विमापत्रावर दोन मुदती असू शकतात. दोन्ही तारखा वाचूनच ‘विमा चालू आहे’ या विधानावर विश्वास ठेवावा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या, तर हेल्मेट न घातल्यामुळे दगावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. वाहनासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून भारतीय मानक चिन्ह असलेल्या हेल्मेटची किंमत प्रथम बाजूला काढावी. जुने वाहन घेण्यात कमीपणा नाही; परंतु जुने हेल्मेट घेऊ नये, कारण त्यास पूर्वी बसलेला आघात बाहेरून दिसत नाही.

ग्रामपातळीवर करता येण्याजोगे कार्य

शासकीय कर्मचाऱ्यांनी या व्यवहारात आणखी एक दक्षता घ्यावी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये विहित मर्यादेपेक्षा अधिक मूल्याच्या जंगम मालमत्तेचा व्यवहार विहित प्राधिकाऱ्यास कळवावा लागतो आणि मोटारसायकल ही जंगम मालमत्ताच होय. खरेदीइतकाच विक्रीलाही हा नियम लागू असल्याने कार्यालयातील सहकाऱ्यांमध्ये होणाऱ्या व्यवहाराची रीतसर नोंद ठेवणे उभयपक्षी हितावह आहे.

ग्रामपंचायतींना या विषयात अल्प श्रमांत मोठे कार्य करता येईल. ग्रामसभेत एकदा तरी हस्तांतरणाच्या मुदती वाचून दाखविणे, नमुना २९ व ३० यांच्या प्रती पंचायत कार्यालयात उपलब्ध ठेवणे आणि ऑनलाइन अर्ज भरण्यास तेथील संगणकचालकाचे साहाय्य देणे, यांसाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी वरच्या वर्गांना परवान्याचे वय, विम्याचे महत्त्व आणि नोंदणीकृत मालकाचे दायित्व समजावून सांगितले, तर ती माहिती घरोघर पोहोचेल. कारण आज घरातील कागद बहुधा मुलेच वाचतात.

पुष्कळ कुटुंबांत पहिली मोटारसायकल म्हणजे अनेक वर्षांच्या बचतीचे फळ असते. तिच्या पाहणीसाठी एक सकाळ आणि नोंदणी बदलण्यासाठी एक फेरी एवढा वेळ दिला, तर विकणारा जबाबदारीतून मोकळा होतो व घेणारा खऱ्या अर्थाने मालक बनतो. परस्परांवरील विश्वास हे गावाचे मोठेच धन आहे. तो विश्वास अपघाताच्या प्रसंगीही अभंग राहावा, असे वाटत असेल, तर किल्लीबरोबरच नमुना २९ ची सही झालेली, दिनांक घातलेली आणि दाखल केल्याची पोच असलेली प्रत हाती देण्याची प्रथा गावोगाव रूढ झाली पाहिजे.